विद्यापीठाच्या क्वायरमध्ये मधली पायरी चढताना

क्वायरमध्ये, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गाणाऱ्या समूहात, पहिल्या वर्षी एकच गोष्ट जमवायची असते: शेजारचा वेगळं काही गात असताना आपली ओळ सोडायची नाही. त्यासाठी जवळपास सगळेच नकळत तीन गोष्टी करतात. कान मिटून घेतात, गरजेपेक्षा मोठ्याने गातात आणि नजर कागदात खुपसून ठेवतात. दुसऱ्या गटात, म्हणजे इंटरमीडिएटला आल्यावर नेमक्या याच तीन सवयी मोडाव्या लागतात आणि सगळं सत्र त्यातच जातं. गळा या काळात फारसा बदलत नाही. बदलतो तो कान, आणि कानाला वेळ लागतो.

या गटात घेताना परीक्षक आवाज किती मोठा किंवा किती गोड आहे याकडे फार लक्ष देत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांत ते चार-पाच गोष्टी बघतात. सप्तकात वर-खाली नेऊन आवाज कुठे मोकळा आहे ते पाहतात. पियानोवर चार-पाच सूर एकदाच वाजवून ते तसेच्या तसे गायला सांगतात. तीन सुरांची कॉर्ड एकदम वाजवून मधला सूर काढायला लावतात, आणि इथेच बरेच जण अडखळतात, कारण कान आपसूक सगळ्यात वरच्या सुराकडे धावतो. मग कधीही न पाहिलेले आठ बार (उभ्या रेषांनी पाडलेले ठोक्यांचे गट) समोर ठेवतात. अर्ध्या मिनिटात ते डोळ्यांखालून घालायचे आणि गायचे. इथे एक नियम पक्का: चुकलात तरी थांबायचं नाही आणि मागे जायचं नाही. दोन सूर चुकले पण लय चालू राहिली, तर परीक्षकाला कळतं की हा माणूस पुढच्या बारमध्ये पुन्हा गाडीत चढेल. सूर दुरुस्त करायला थांबलेला गायक तालमीत पूर्ण सेक्शनला, म्हणजे तीच ओळ गाणाऱ्या गटाला, थांबवतो.

कोणत्या सेक्शनमध्ये उभं राहायचं, हाही प्रश्न इथे नव्याने येतो. ढोबळ मानाने बायकांचा वरचा आवाज सोप्रानो सी४ ते ए५, खालचा आल्टो जी३ ते डी५, पुरुषांचा वरचा टेनर सी३ ते जी४ आणि खालचा बास ई२ ते सी४ (अक्षर म्हणजे सुराचं पाश्चात्त्य नाव, आकडा म्हणजे सप्तक; सी४ हा पियानोचा मधला ‘सी’). पण ही टोकं झाली. एखादा सूर एकदा लागणं वेगळं आणि त्या भागात पाऊण तास गात राहणं वेगळं. सेक्शन ठरवायचा तो या दुसऱ्या गोष्टीवरून. अठरा ते बावीस या वयात आवाज अजून बसत असतो आणि बहुतेक मुलांचा आवाज मधला, बॅरिटोन असतो. टेनर कमी पडले की त्यांनाच वर ढकललं जातं. मुलींच्या बाबतीत वेगळाच घोळ होतो: जिला नोटेशन (कागदावरची सुरांची लिपी) चांगलं वाचता येतं तिला आल्टोत टाकतात, कारण मधली ओळ धरून ठेवायला वाचणारी माणसं लागतात. आवाज सोप्रानोचा असेल तर दोन वर्षं आल्टोत काढून खालचे सूर छातीतून दाबायची सवय लागते. तालमीनंतर दर वेळी गळा थकत असेल, तर सेक्शन बदलून बघायची विनंती करण्यात कमीपणा नाही.

पहिल्या तालमीत कागद हातात पडला की गाण्याआधी पेन्सिल काढायची. मऊ शिशाची, खोडता येणारी, पेन नको. सगळ्यात आधी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचे क्रमांक छापलेत का ते बघायचं. नसतील तर घालायचे, कारण कंडक्टर (समोर उभा राहून हाताने लय देणारा) ‘बार ३७, तिसरा ठोका’ एवढंच बोलून हात उचलतो. मग आपल्या ओळीला समासात खूण. चार आवाजांच्या पानावर एका ओळीतून दुसरीत जाताना डोळा हमखास घसरतो. टेनरची ओळ बहुधा ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे ओळीवरच्या सुरांची उंची ठरवणारी सुरुवातीची खूण) असते आणि क्लेफखाली छोटा ८ असतो, म्हणजे लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली गायचं. पण दोन ओळींच्या छापील संक्षेपात टेनर आणि बास दोघंही बास क्लेफमध्ये एकत्र येतात. टेनरला दोन्ही वाचता यायला हवं.

पुढच्या खुणा तालमीगणिक वाढत जातात. श्वासाला स्वल्पविरामासारखी खूण. जिथे श्वास घ्यावासा वाटतो पण घ्यायचा नाही, तिथे दोन शब्दांना जोडणारी तुटक कमान. कंडक्टरकडे बघायलाच हवं तिथे चष्म्याचं चित्र. आपला पहिला सूर कुणाकडून मिळतो, तिथून बाण. ही शेवटची खूण सगळ्यांत मोलाची. आपला प्रवेश ‘डी’वर आहे आणि दोन ठोके आधी टेनरकडे तोच ‘डी’ येऊन गेलाय, असं कागदावर शोधून ठेवलं की तो सूर हवेतून पकडायची गरज उरत नाही. विश्रांतीच्या बारमध्ये मोजत बसण्याऐवजी टेनरची ओळ मनात गात राहायचं. एकच चूक तीनदा झाली तर चौथ्यांदा मेंदूवर विसंबायचं नाही, खूण करायची. आमच्या मते इंटरमीडिएट गायकाची पारख त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या कागदावरून लवकर होते.

नोटेशन वाचताना सरगम येणाऱ्यांना एक फायदा असतो. पाश्चात्त्य पद्धतीतलं मूव्हेबल डो आणि आपला सरकता षड्ज, तत्त्व एकच: सूर ओळखायचा तो ‘सा’पासूनच्या अंतराने. फक्त कागदावर ‘सा’ कुठे आहे ते शोधता यायला हवं. मेजर (शुद्ध स्वरांच्या) पट्टीत सुरुवातीच्या शार्पपैकी (अर्धा सूर चढवणाऱ्या खुणांपैकी) शेवटचा शार्प म्हणजे ‘नी’, त्याच्या वरचा ‘सा’. फ्लॅट (अर्धा सूर उतरवणाऱ्या खुणा) असतील तर शेवटचा फ्लॅट म्हणजे शुद्ध ‘म’. मायनरसाठी दोन पद्धती चालतात. कुणी मायनरचा घरचा सूर ‘ध’ मानतात, कुणी ‘सा’च ठेवून गंधार, धैवत, निषाद कोमल करतात. रागसंगीत शिकलेल्यांना दुसरी सोपी जाते. पण आपल्या क्वायरमध्ये जी चालते तीच धरावी, नाहीतर तालमीत शेजारी ‘ध’ म्हणतोय आणि आपण ‘सा’, असा गोंधळ उडतो.

नवीन पान वाचायचा आमचा क्रम असा. आधी पट्टी, ताल, पहिला आणि शेवटचा सूर. मग उड्या शोधायच्या. शेजारच्या सुरावर जाणारी चाल वाचायला त्रास देत नाही, उडी देते. उडी ‘सा-ग-प’ या सांगाड्यातली आहे का, एवढं बघितलं की निम्म्या उड्या सुटतात. उरलेल्यांवर वर्तुळ. मग फक्त लय, एकाच सुरावर, ‘ता’ म्हणत. त्यानंतर सरगम, सावकाश. मग ‘लू’ किंवा ‘नू’वर, आणि शब्द सगळ्यांत शेवटी. शब्द आधी घेतले की डोळे अक्षरांवर जातात, सूर अंदाजाने लागतात, आणि अंदाजाने बसलेला चुकीचा सूर नंतर उपटून काढायला चौपट वेळ लागतो.

लय बसवायला एक कवायत जगभरच्या क्वायरमध्ये चालते. ती रूढ केली अमेरिकन कंडक्टर रॉबर्ट शॉ (१९१६–१९९९) यांनी. आपली ओळ आपल्याच सुरांत गायची, पण शब्दांच्या जागी ठोके मोजायचे: ‘वन अँड टू अँड टी अँड फोर अँड’. ‘थ्री’ऐवजी ‘टी’, कारण ‘थ्र’ जिभेवर अडकतो आणि ठोका मागे पडतो. चार ठोक्यांचा लांब सूर असला तरी मधले सगळे अर्धे ठोके म्हणायचे. यात लगेच उघडं पडतं की लांब सूर कुणीच पूर्ण धरत नाही. ‘फोर’च्या आसपास सगळे सोडून देतात. टिंबवाल्या सुराचं टिंब कुठे पडतं, ताणलेला सूर बाररेषेपलीकडे नेमका कधी सुटतो, व्यंजन कितव्या ‘अँड’वर, हे सगळं या एका व्यायामात ठरून जातं. हळू आवाजात करायचा. मोठ्याने केला की दहा मिनिटांत गळा आणि उत्साह दोन्ही संपतात.

आता मोठ्याने गाण्याच्या सवयीबद्दल. भोवती आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी हे १९११ मध्ये मांडलं आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. क्वायरमध्ये हाच परिणाम साखळीसारखा पसरतो. एकाला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो चढतो, मग शेजारचा चढतो, आणि दोन पानांत ‘पियानो’ (हळू) लिहिलेलं गाणं ‘फोर्टे’ (मोठ्याने) होतं. त्याचं कारण बऱ्याचदा उभं राहण्यात असतं. खांद्याला खांदा लावून उभं राहिलं की आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात बुडतो. दोन माणसांत हातभर जागा सोडली आणि मागची रांग पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत उभी केली, की काहीही न सांगता सगळ्यांचा आवाज खाली येतो. तालमीची खोली लहान असेल तर निदान खुर्च्या तरी तशा लावायच्या.

स्वतःपुरती एक साधी कसोटी: शेजारच्याचे शब्द ऐकू येत नसतील तर आपण जास्त मोठे आहोत. आपलंच ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायचा नाही. एका कानामागे तळहाताचा द्रोण करायचा किंवा फोल्डर थोडा जवळ आणायचा, म्हणजे आपला आवाज परतून कानावर येतो. तालमीत हे चालतं, कार्यक्रमात नाही.

इथून पुढे सुरांची खरी गोष्ट सुरू होते, आणि ती सांगायला तानपुऱ्याइतकं चांगलं साधन नाही. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा स्वरांश (मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीचा सूर) असतो. षड्जापासून त्याचं अंतर ५:४, म्हणजे सुमारे ३८६ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट). पियानोचा गंधार ४०० सेंटवर बसवलेला असतो, म्हणजे तब्बल १४ सेंट वर. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून पंचमाची भांडणं कमी. कोमल गंधार उलट आहे: शुद्ध अंतर ३१६ सेंट, पियानोचं ३००. म्हणजे मेजर कॉर्डचा गंधार पियानोपेक्षा किंचित खाली आणि मायनरचा किंचित वर. पियानो गप्प असेल आणि चार आवाज एकमेकांचं ऐकत असतील, तर कान आपोआप या शुद्ध अंतराकडे झुकतात.

१४ सेंट ऐकू तरी येतात का, असं कुणी विचारलं तर दोन माणसांना उभं करावं. एकाने सी४ धरायचा, दुसऱ्याने पियानोच्या ई४ इतका वरचा सूर, दोघांनी ‘आ’वर, कंप न देता. कॉर्डमध्ये एक खरखर जाणवते. हिशोब केला तर खालच्या सुराचा पाचवा स्वरांश सुमारे १३०८ हर्ट्झ आणि वरच्याचा चौथा १३१८ हर्ट्झ, म्हणजे आवाज सेकंदाला दहा वेळा वर-खाली होतो. वरच्याने सूर अगदी हळूहळू खाली आणला की खरखर संथ होते, मग थांबते, आणि कॉर्ड जागच्या जागी स्थिर होते. खोली चांगली असेल तर कुणीच न गायलेला वरचा सूर ऐकू येतो. हा क्षण एकदा कानात बसला की गंधार कुठे ठेवायचा हे कुणी सांगावं लागत नाही.

कॉर्ड जुळवायचा तालमीतला क्रम ठरलेला आहे. आधी बास ‘सा’ धरतात, कोरा, सरळ. त्यावर वरच्या सप्तकातला ‘सा’ ज्यांच्याकडे असेल ते. मग ‘प’. हे तिघं पोकळ आणि स्थिर वाजू लागले की शेवटी गंधारवाले आत येतात, सगळ्यांत हळू. पाया मोठा, पंचम त्याखालोखाल, गंधार सगळ्यांत कमी. म्हणजे प्रत्येक कॉर्डमध्ये आपण कोण आहोत हे प्रत्येक गायकाला माहीत असायला हवं. पहिल्या वर्षी कागदावर ‘ई’ दिसतो. दुसऱ्या पायरीवर तोच ‘ई’ सी मेजरमध्ये गंधार आहे, ए मेजरमध्ये पंचम आणि ई मेजरमध्ये षड्ज, हे दिसायला लागतं. लांब कॉर्डवर गंधार आपल्याकडे असेल तर छोटा बाण काढायचा. एवढ्यावरून सेक्शन निम्मा सुधारतो.

मग पूर्ण क्वायर खाली का उतरते? या प्रश्नावर सिद्धान्ताचं एक देखणं उत्तर आहे. सा, ध, रे, प आणि परत सा या मुळांच्या (पायाच्या सुरांच्या) कॉर्ड लागोपाठ घेतल्या, सामाईक सूर जसाच्या तसा धरला आणि प्रत्येक अंतर शुद्ध ठेवलं, तर एका फेरीत ‘सा’ सुमारे २१.५ सेंट खाली येतो. चार फेऱ्यांत ८६, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर गेला. गणित बिनचूक आहे. पण विद्यापीठाच्या क्वायरचा घसरलेला सूर शंभरातल्या नव्वद वेळा यामुळे घसरलेला नसतो. कारणं साधी असतात. एकच सूर सहा वेळा आला की प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्यापेक्षा केसभर खाली बसते. उतरताना पायऱ्या मोठ्या पडतात आणि चढताना लहान. ओळीच्या शेवटी श्वास संपलेला असतो. आणि शब्दातला स्वर घशात मागे गेलेला असतो, तेव्हा सूर बरोबर असूनही खाली वाटतो.

त्यावर उपायही तितकेच साधे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावर प्रत्येक वेळी नवा सूर लावतोय असं समजून गायचं. उतरत्या ओळीत पायरी मुद्दाम लहान ठेवायची. गाणं दोन-तीन तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पियानोची एक कळ हलकेच दाबायची, म्हणजे कोणत्या बारमध्ये उतरलो ते सापडतं. शेवटी एकदाच तपासलं तर फक्त अपराधी भावना मिळते. सगळं करूनही गाणं उतरतच असेल तर ते अर्धा सूर वर सुरू करून बघायचं. एफ मेजरमधली गाणी क्वायरमध्ये हमखास उतरतात, असं जुनेजाणते कंडक्टर सांगतात. त्या पट्टीचे महत्त्वाचे सूर काही सेक्शनच्या आवाजाच्या वळणावर, म्हणजे आवाजाची जात बदलते त्या जागी, पडतात. अर्धा सूर सरकवला की गायक वळणाच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो आणि गाणं तग धरतं. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण करून बघण्यासारखा आहे.

‘नी’बद्दल मात्र दोन मतं ऐकायला मिळतात. एकल गाणारे आणि व्हायोलिनवाले सांगतात की ‘सा’कडे जाणारा निषाद चढा ठेवा. पण तोच निषाद पंचमाच्या कॉर्डचा गंधार असतो आणि गंधार तर खाली हवा. आमचा निवाडा लयीवर: चाल वेगात असेल तर चढा निषाद खपतो आणि छान वाटतो, कॉर्ड लांब धरायची असेल तर त्याला खालीच बसवायचं.

सूर जुळूनही आवाज एकजीव होत नाही, तेव्हा दोष नव्वद टक्के स्वरवर्णांत असतो. एकाच सेक्शनमधले सहा जण ‘ए’ म्हणतात तेव्हा सहा वेगवेगळे ‘ए’ असतात: कुणाचा ‘अॅ’कडे झुकलेला, कुणाचा ‘एइ’ असा घसरता. एका सुरावर, एका श्वासात ‘ई-ए-आ-ओ-ऊ’ अशी साखळी गायची, जबडा जवळजवळ न हलवता, फक्त जीभ आणि ओठ बदलत. शेजाऱ्याकडे तोंड करून केली तर अधिक चांगलं; ओठांचा आकार दिसतो आणि आपोआप उचलला जातो. लॅटिन गाणी शिकताना क्वायरला जो आराम वाटतो त्याचं एक कारण हेच, तिथे पाच स्वच्छ स्वर आणि घसरणारं फार थोडं. इंग्रजीत अडचण जोडस्वरांची. ‘नाइट’ चार ठोके धरायचा असेल तर साडेतीन ठोके ‘ना’, आणि ‘इ’ अगदी शेवटी, ‘ट’ला चिकटून. ‘इ’ लवकर आला की सूर चिमटल्यासारखा होतो.

सोप्रानोंना मात्र वर गेल्यावर हा नियम सैल करावा लागतो. एफ५ म्हणजे सुमारे ६९८ हर्ट्झ. बोलताना बाईच्या ‘ई’चा पहिला अनुनाद (तोंडाची पोकळी जिथे घुमते ती कंपनसंख्या) साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे गायचा सूरच त्याच्या दुपटीच्याही वर गेलेला. तिथे स्वच्छ ‘ई’ धरून ठेवायचा हट्ट केला की आवाज किंचाळतो आणि गळा आवळतो. जबडा सोडायचा, ‘ई’ला ‘ए’च्या दिशेने उघडू द्यायचं. शब्द कळेल का, ही काळजी आल्टो आणि टेनरवर सोडायची. त्यांचा तोच शब्द खाली स्पष्ट येत असतो.

व्यंजनांचा नियम एकच, पण तो अंगवळणी पडायला महिने जातात: ठोक्यावर स्वर पडला पाहिजे, व्यंजन त्याच्या आधी. ‘स्त्र’सारखा गुंता असेल तर तो मागच्या ठोक्याच्या पोटातून सुरू करावा लागतो. ‘म’, ‘न’, ‘ल’ ही व्यंजनं स्वतःच सुरात असतात. ती खालच्या सुरावर म्हणून मग वर चढलं की प्रत्येक शब्दाला खालून ओढ येते. रागसंगीतातून आलेल्या गायकांची इथे खास पंचाईत होते. मींड आणि कण हा त्यांच्या गळ्याचा दागिना. पण बाकीचे तिघं कॉर्डवर थेट उतरलेले असतात आणि एक जण अजून वाटेत असतो. दागिना काढून ठेवायचा, एवढंच. शेवटचा ‘स’ तर वेळ ठरवून, उदाहरणार्थ चौथ्या ठोक्यावर, आणि प्रत्येक सेक्शनमधून मोजक्याच जणांनी म्हणायचा. पन्नास जणांचा ‘स’ म्हणजे टायरची हवा गेल्याचा आवाज.

श्वासाबद्दल दोन कौशल्यं. एक, सुरुवातीचा श्वास कंडक्टरच्या तयारीच्या ठोक्याबरोबर, त्याच लयीत आणि पहिल्या स्वराच्याच आकारात घ्यायचा. ‘ओ’ने सुरू होणार असेल तर श्वासही ‘ओ’तून. एवढ्याने प्रवेश एकत्र पडतात. दुसरं, आळीपाळीचा श्वास, ज्याने क्वायर एक मिनिटभर न थांबता गाऊ शकते. त्याचे नियम काटेकोर आहेत. बाररेषेवर किंवा ओळीच्या शेवटी घ्यायचा नाही, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. शेजाऱ्याबरोबर घ्यायचा नाही. शब्दाच्या मध्यात, लांब स्वरावर, आवाज हळूच विरवून बाहेर पडायचं, पूर्ण आणि शांत श्वास घ्यायचा, आणि त्याच स्वरावर परत हळूच मिसळायचं. व्यंजन पुन्हा उच्चारायचं नाही. श्वास संपेपर्यंत थांबून मग हिसका देऊन घेतला तर सगळी मेहनत वाया. संपण्याच्या बरंच आधी घ्यायचा. सेक्शनमध्ये सहा जण असतील तर अवघड ओळीवर कुणी कोणत्या ठोक्यावर हे कागदावर वाटून घेणं सगळ्यांत खात्रीचं.

तालमीआधीची गळ्याची तयारी दहा मिनिटांत आटोपते. ओठांची फुरफुर, ‘प’ ते ‘सा’ उतरते पाच सूर, एकेक अर्धा सूर वर. फुरफुर तुटत असेल तर हवा जास्त सुटतेय किंवा गाल ताठ आहेत. दोन बोटांनी गाल वर उचलून धरले की चालते. पाण्याच्या पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेल्या नळीतून गुणगुणणंही चांगलं, खास करून आवाज थकलेला असेल तेव्हा. वरच्या टोकापासून सुरुवात कधीच करायची नाही.

सत्राच्या मध्यावर सेक्शनवार रचना मोडून चौकड्या करतात: प्रत्येक चौकडीत एक सोप्रानो, एक आल्टो, एक टेनर, एक बास. पहिल्या अर्ध्या तासात हाहाकार होतो. आजवर शेजाऱ्याच्या अर्धा क्षण मागून गाणारे उघडे पडतात, आणि असे लोक वाटतं त्यापेक्षा बरेच असतात. पण दोन-तीन तालमींत बासचा कान सोप्रानोच्या ओळीला चिकटतो, सोप्रानोंना पहिल्यांदाच कळतं की आपल्या खाली काय चाललंय, आणि सूर सेक्शनमध्ये उभं असतानापेक्षा चांगले जुळतात. चौकडीत टिकत नाही ते अजून पाठ झालेलं नाही, असं समजून कामाची यादी करावी.

घरच्या सरावाला रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हे कधीही बरं. इथे मोह होतो तो तयार पार्ट-ट्रॅकचा, म्हणजे आपली ओळ वाजवून दाखवणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा. ऐकून ऐकून ओळ पाठ होते खरी, पण वाचन होतं तिथेच राहतं, आणि यंत्राचा १४ सेंट चढा गंधार कानात मुरतो. ट्रॅक उलटा वापरावा: आपली ओळ बंद, बाकीच्या तीन चालू, आणि आपण कागद बघून गायचं. त्याआधी नुसत्या षड्जाच्या गुंजारवावर ओळ सरगममध्ये एकदा. अवघड चार बार उलट्या क्रमाने बसवायचे. शेवटचा बार आधी, मग शेवटचे दोन, मग तीन. म्हणजे गाताना आपण अनोळखीतून ओळखीच्या भागाकडे जातो.

घसा बसलेला असेल तर तालमीला यायचं, पण गायचं नाही. कागद उघडून ऐकायचं आणि खुणा करायच्या. त्या दिवशी शिकणं बहुधा जास्त होतं. कुजबुजत बोलणंही टाळायचं. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट. आवाजातला घोगरेपणा तीन-चार आठवडे राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

कार्यक्रमासाठी गाणी निवडताना नवख्यांना वाटतं की जलद आणि जोरदार अवघड, संथ आणि हळू सोपं. अनुभव नेमका उलटा. मोझार्टने १७९१ मध्ये लिहिलेलं ‘आवे वेरुम कॉर्पुस’ फक्त ४६ बारचं आहे, चाल संथ, सूचना दबक्या आवाजात गाण्याची, उड्या फारशा नाहीत. पहिल्या तालमीतच ते ‘येतं’. पण इतक्या हळू आवाजात आणि इतक्या संथ लयीत लपायला जागाच नसते. प्रत्येक कॉर्ड जुळावी लागते, प्रत्येक श्वास झाकावा लागतो, आणि मधल्या पट्टीबदलात गंधार कुणाकडे गेला हे चौघांनाही माहीत असावं लागतं. जलद गाण्यात हे सगळं धुरळ्यात निघून जातं.

मोठ्या सभागृहात पहिल्यांदा उभं राहिल्यावर ताल सुटतो तो आवाजाच्या वेगामुळे. सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे दहा मीटरवरच्या वाद्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, आणि आपण त्यावर गायलो तर श्रोत्यांपर्यंत तो आणखी मागे पडून जातो. म्हणून मागच्या रांगेने कानाने नाही, डोळ्याने गायचं. फोल्डर छातीच्या उंचीवर, थोडा पुढे, म्हणजे मान न हलवता फक्त नजर उचलली की कंडक्टर दिसतो. ओळीची सुरुवात, शेवट आणि लय बदलते ती जागा, निदान एवढ्या ठिकाणी तरी नजर वर हवी. पान उलटायचं ते ओळ संपायच्या दोन बार आधी, पुढच्या पानाचा पहिला बार पाठ करून.

पायांकडे कुणी लक्ष देत नाही. गुडघे मागे ताणून अर्धा तास उभं राहिलं की पायांतलं रक्त वर चढायला त्रास होतो आणि दिव्यांच्या उष्णतेत एखादा कोसळतो. गुडघे सैल, वजन चवड्यांवर थोडं जास्त, गाण्यांच्या मधल्या वेळात टाचा हलकेच उचलायच्या, आणि रिकाम्या पोटी उभं राहायचं नाही. डोळ्यांपुढे काळोखी आली तर संकोच न करता जागच्या जागी खाली बसायचं. शेजारचे दोघं एक पाऊल आत सरकून जागा भरतात, आणि गाणं चालू राहतं.